पाचवा रकाना

उद्यमबागेत, रात्रपाळी सुटायच्या आधी,
तिप्पण्णानं एकशे बारा पंप-हाउसिंग
फरशीवर ओळीनं मांडली, आणि त्यातली एकेचाळीस
खडूनं फुल्या मारून बाजूला केली.
अंगभर भोकं. आंबोळीला असतात तशी,
पण आंबोळी कोण पुण्याहून परत पाठवत नाही.

माझ्या हातात कागद. कागदावर पाच रकाने,
प्रत्येकाच्या डोक्यावर एकच अक्षर: का?
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
लहान पोरासारखं विचारत जा, थकू नका,
आणि माणसाचं नाव लिहू नका.

भोकं का? वाफ कोंडली.
वाफ का? रेती ओली.
दोन रकाने चहा निवायच्या आत भरले.
सातेरी सुपरवायझर म्हणाला, "झालं की!
दस्तगीर पाणी जास्त घालालाय.
मानवी चूक लिहा आणि मोकळं व्हा. नऊला ट्रक आहे."
माझं पेन टेकलंही होतं.

दस्तगीर मिलच्या तोंडाशी, भुवयांपर्यंत काळा.
वीस वर्षं तो रेती मुठीत दाबत आलाय,
मूठ उघडून बोटांचे ठसे बघतो,
मग मोडतो, भाकरीचा कड मोडावा तसा.
पाणी जास्त का?
"भुगा व्हालाय. मुठीत ऱ्हाईना."
का ऱ्हाईना?
तो बोलला नाही. माझं मनगट धरलं
आणि तळवा रेतीत दाबला.
मी हात ओढून घेतला.

दोन तासांमागं लोखंड पिऊन आलेली
तीच रेती, श्वास न घेता
परत साच्यात निघालेली.
चौथ्या रकान्यात लिहिलं: निवायला वेळ नाही.
तिप्पण्णा मागून पुटपुटला, "ज्यागा इल्ल री."
वेळ नव्हे. जागा.

मागचं दार उघडलं.
इथं ढीग असायचा, छातीएवढा,
पाळीभर निवत पडलेला.
कडेला उबेला पुरलेले जेवणाचे डबे,
माथ्यावर गेटवरचं पांढरं कुत्रं.
आता कोबा. पिवळे पट्टे.
सहा कुंड्यांत सहा क्रोटन.

पट्टे मी मारायला लावले होते.
ऑडिट येणार होतं, दिवाळीच्या आधी,
आणि ढीग काही बरा दिसत नव्हता.
सर्टिफिकेट माझ्या खुर्चीमागं आहे, काचेत.
रोज सकाळी मी त्याची धूळ पुसतो.
धूळ रेतीचीच असते.

"तेव्हा बोलला का नाहीस?"
हा सहावा. याला कागदावर रकाना नाही.
"बोललो न्हवं," दस्तगीर म्हणाला.
"रेतीला बी झोप लागती साहेब, म्हटलो.
तुम्ही म्हटला, का?"
"मग?"
"मग काय. त्यो का इचारायचा नव्हता,
गप बसवायचा होता.
वीस वर्षांत दोन्ही ओळखू येतात."

नऊला ट्रक गेला, एकाहत्तर घेऊन.
पाचव्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.
नाव लिहू नका, हे आठवलं. खोडलं.
लिहिलं: ढिगाची जागा. मग वाटलं
ही जागासुद्धा पळवाटच,
जागा काय स्वतःहून उठून जात नाही.
खोडलेल्या नावाखाली परत नाव लिहिलं, बारीक.

दुपारी दस्तगीरनं आणि मी
कुंड्या उचलून गेटपाशी नेल्या.
पहिली गाडी रेती पट्ट्यांवर ओतली.
सातेरी दारात उभा राहून बघत होता.
त्यानं काही विचारलं नाही.

संध्याकाळी कुत्रं आलं,
ढिगाला एक फेरी घातली, हुंगलं,
पाय ठेवला आणि झटकन उचलला.
थोडं लांब जाऊन बसलं,
रेती निवायची वाट बघत.